मानसशास्त्र विभागाची उद्दिष्टं आणि मूल्यं नॅकच्या फायलीपलीकडे उपयोगी पडावीत, तर ती कशी लिहावीत?

नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेसाठी, मराठवाड्यातल्या एका मानसशास्त्र विभागाचं ध्येय, उद्दिष्टं आणि मूल्यं लिहायची आहेत. 'सर्वांगीण विकास' सोडून काय लिहावं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक चाळणी लावा. वाक्यातलं 'मानसशास्त्र' खोडून 'वनस्पतिशास्त्र' लिहा. वाक्य तरीही बिनबोभाट चाललं तर ते काढून टाका. 'समाजाभिमुख दर्जेदार शिक्षण' इथंच बाद होतं.

ध्येय एका वाक्यात उरका, वेळ उद्दिष्टांना द्या. 'चाचण्यांची ओळख करून देणे' हे तपासणार कसं? त्यापेक्षा असं लिहा: 'चौथ्या सत्राअखेर विद्यार्थी एक बुद्धिमत्ता व एक व्यक्तिमत्त्व चाचणी सूचनापुस्तिकेप्रमाणे देईल, गुणांकन करेल आणि प्रमाणकं कोणत्या गटावर काढलेली आहेत ते अहवालात नोंदवेल.' शेवटचा भाग वगळू नका. प्रमाणकं म्हणजे एखाद्याचे गुण ज्यांच्याशी ताडून बघायचे ते ठरावीक गटाचे आकडे. शहरी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर काढलेली प्रमाणकं जालन्याकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलाला लावली, की त्याचा बुद्ध्यांक उगाच कमी दिसण्याची शक्यता असते आणि तो शिक्का मग त्याच्या मागं लागतो.

संशोधनाच्या उद्दिष्टात प्रश्नावली मराठीत आणायची रीतही लिहा. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, दोन्ही जुळवून एक मसुदा करायचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं तो परत इंग्रजीत न्यायचा. मग दहा-पंधरा जणांना वाचून दाखवून 'तुम्हाला काय समजलं?' असं विचारायचं. ही शेवटची पायरी घाईत हमखास गाळली जाते. 'मला निराश वाटत नाही' याला 'असहमत' म्हणायचं की 'सहमत', इथं पदवीधरसुद्धा अडखळतो. आणि गावाकडचा माणूस 'उदास' फारसं म्हणत नाही. 'करमंना', 'झोप लागंना', 'जीव घाबरा होतो' असं सांगतो.

मूल्यांचं म्हणाल तर प्रत्येकाखाली एक नियम हवा. गोपनीयता घ्या. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये 'प्रयुक्ताचे नाव' असा रकाना असतो. प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर चाचणी घेतली तो, बहुधा वर्गातलाच मित्र. त्याच्या नावासकट चिंता-चाचणीचे गुण वर्गभर फिरतात, बहिःस्थ परीक्षकही वाचतात. नावाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका, नावांची यादी विभागाच्या कुलूपबंद कपाटात ठेवा. खर्च शून्य.

संमतीचंही तसंच. लातूरला नीटची तयारी करणाऱ्या मुलांवर ताणाचा अभ्यास करायचा, तर त्यातले बरेच अठराच्या आतले असतात. प्राचार्यांची सही म्हणजे संमती नव्हे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागते आणि मुलाचा स्वतःचा होकारही.

प्रयुक्ताचं हित हे मूल्य तर सगळेच लिहितात. पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी प्रश्नावली मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. एम.ए.चा विद्यार्थी शेतकरी कुटुंबात ती भरून घेतो, नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज (म्हणजे 'अजिबात नाही' सोडून) उत्तर येतं, आणि कागद गठ्ठ्यात जाऊन महिन्याभरानं एक्सेलमध्ये उघडतो. हे घडू नये म्हणून नियम हवा: नववं उत्तर जागेवरच बघायचं, त्या माणसाशी थेट बोलायचं, धोका वाटला तर त्याला एकटं न सोडता मार्गदर्शकाला लगेच फोन करायचा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक द्यायचा आणि जिल्हा रुग्णालयात पोचवायची सोय बघायची. गावात जाण्याआधी हा नियम लिहिलेला कागद प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात असावा. असा नियम करायची तयारी नसेल, तर ती प्रश्नावली वापरू नका.

प्रामाणिकपणाची सुरुवात माहितीपत्रकापासून करा. नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला वेगळा अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. हे प्रवेशाच्या पानावरच, मराठीत आणि ठळक छापा.