सावलीतल्या लॉनमधलं शेवाळ

प्रश्न : झाडाखालच्या लॉनमध्ये दर वसंतात शेवाळ माजतं. खरवडलं तरी परत येतं. चुना टाकू का?

उत्तर : माती तपासल्याशिवाय चुना टाकूच नका. त्याने शेवाळ मरत नाही, फक्त आम्ल माती सुधारते.

शेवाळ गवताला मारत नाही. गवत विरळ झालं की मोकळ्या जागेत पसरतं. गवत वाढीला लागलं की चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) लिटरभर पाण्यात विरघळवून झारीने द्या. फरशीवर थेंबही पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत. एक-दोन आठवड्यांत शेवाळ काळं पडतं. दाताळ्याने ओढायचं ते तेव्हाच. हिरवं असताना ओढलं तर तुकडे विखुरतात आणि त्यांतूनच नवं उगवतं.

मग बागकामाच्या काट्याने दर 10 सेंटीमीटरवर तितकीच खोल भोकं पाडा. सावलीत टिकणाऱ्या फेस्क्यू गवताचं बी पेरा. खालच्या फांद्या छाटा. कापणी 7 सेंटीमीटरखाली नको. सावलीत गवताला पातं लांबच हवं, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. दिवसभर ऊनच येत नसेल, तर तिथे सावलीतली झाडं लावणं बरं.