गणित सुटलंय, उपयोजित अर्थशास्त्र झेपेल का?

वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली एक विद्यार्थिनी समुपदेशनाला आली. उपयोजित अर्थशास्त्रात एमए करायची मनापासून इच्छा, पण शाळा संपल्यापासून गणिताला हात लागलेला नाही. "पहिल्याच सत्रात गाडी अडली तर?" पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी ही धास्ती कितीतरी जणांना असते.

"गणित" हा शब्द फार मोघम आहे, म्हणून आधी पहिल्या सत्राचे विषय पाहिले: सूक्ष्म अर्थशास्त्र, स्थूल अर्थशास्त्र आणि अर्थमिती (म्हणजे संख्याशास्त्राने आर्थिक डेटा तपासणं). त्यांना लागतं ते एवढंच: साधे व आंशिक डेरिव्हेटिव्ह (एक राशी बदलली की दुसरी किती वेगाने बदलते, ते सांगणारे), लॉग, मॅट्रिक्सचा गुणाकार आणि व्यस्त, संभाव्यता, विचरण (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), परिकल्पना चाचणी (डेटावरून एखादा दावा तपासणं). काटेकोर सिद्धता प्रामुख्याने सैद्धांतिक अभ्यासक्रमात लागतात.

मग तिला एक गणित दिलं. x आणि y ही दोन वस्तूंची प्रमाणं, त्यांपासून मिळणारं समाधान म्हणजे उपयोगिता x गुणिले y, खर्चाची मर्यादा २x + y = ४०; उपयोगिता जास्तीत जास्त करायची. सोडवलेलं उदाहरण समोर ठेवून तिने लाग्रांजच्या पद्धतीने (यात मर्यादा लॅम्डा या जादा चलाने समीकरणात आणतात) बरोबर उत्तर काढलं: x = १०, y = २०, लॅम्डा = १०. पण हा लॅम्डा काय सांगतो, असं विचारल्यावर ती थबकली. खर्चाची मर्यादा एकाने वाढवली, तर उपयोगिता साधारण १० ने वाढेल, हा त्याचा अर्थ. परीक्षेत गुण जातात ते नेमके इथे. आकडेमोड जमते, अर्थ सांगता येत नाही. याचं मुख्य कारण म्हणजे सोडवलेली उदाहरणं नुसती वाचून "समजलं" असं वाटणं. वही मिटून कोऱ्या कागदावर सोडवलं, तरच खरं काय ते कळतं.

तिला बारा आठवड्यांची तयारी आखून दिली, रोज दीड तास. चार आठवडे कॅल्क्युलस, दोन मॅट्रिक्स आणि उरलेले सहा संख्याशास्त्र. संख्याशास्त्राला निम्मा वेळ मुद्दाम दिला, कारण अर्थमिती त्यावरच उभी आहे आणि प्रबंध बहुतेक वेळा अर्थमितीवर.

खरं सांगायचं तर कॅल्क्युलसपेक्षा डेटाच जास्त जणांना रडवतो. समजा, वेतनाचा लॉग शिक्षणाच्या वर्षांनुसार कसा बदलतो हे पाहायला रिग्रेशन केलं (म्हणजे डेटावर सरळ रेषा बसवली) आणि शिक्षणाचा गुणांक ०.०८ आला. म्हणजे शिक्षणाचं एक वर्ष जास्त असेल, तर वेतन सरासरी सुमारे ८ टक्के जास्त. "शिक्षणामुळेच वाढलं" असं मात्र यावरून म्हणता येत नाही. घरची परिस्थिती शिक्षण आणि वेतन दोन्ही वाढवत असेल आणि ती समीकरणात नसेल, तर तिचा वाटाही शिक्षणाच्या नावावर जमा होतो. उपयोजित अर्थशास्त्राचा मोठा भाग हा गुंता सोडवण्यातच जातो.

हाताने करायची कामंही आत्ताच शिकावीत. आर (R) ही डेटा विश्लेषणाची संगणकीय भाषा मोफत आहे, त्यामुळे सुरुवात त्यातच करावी. दोन फाइली जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजाव्यात. दोन्हीकडे तोच ओळख-क्रमांक पुन्हा पुन्हा आलेला असेल, तर ओळी गुपचूप वाढतात, प्रोग्राम तरीही चालतो आणि निकाल चुकतो.

अभ्यासक्रम निवडताना तिला तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: सत्रापूर्वी गणिताचा उजळणी वर्ग आहे का, अर्थमितीला प्रयोगशाळेचे तास किती, आणि प्रबंधासाठी डेटा विद्यापीठ मिळवून देतं की स्वतः शोधायचा. अर्जात "गणित कच्चं आहे" अशी सबब न देता कोणती प्रकरणं सोडवली, कोणता डेटा हाताळला, हेच लिहावं असंही सुचवलं.