पुतळा गेटच्या आत की बाहेर?

मागच्या अंकात एका वाचकाने सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की वानखेडेवरचा सचिनचा पुतळा स्टेडियमच्या आवारात उभा केला ही चूक झाली, तो रस्त्यावरून दिसायला पाहिजे होता. झालं! पत्रांचा नुसता पाऊस. म्हणून या वेळचा अख्खा कॉलम पुतळ्यालाच दिलाय, गुडघेदुखी आणि पोरांच्या ॲडमिशनवाल्यांनी जरा दम धरा.

भाऊ, आमच्या ग्रुपमधी दोन पार्ट्या पडल्या न. एक पार्टी म्हणते सचिन त्याच्याच नावाच्या स्टँडजवळ उभा आहे मंग अजून काय पायजे. दुसरी म्हणते मॅच नसली का आत कोण सोडते, आमच्यासारख्या मुंबईले वर्षातून एकदा जाणाऱ्यानं काय कंपाउंडले हात जोडायचे? तुमी सांगा आता, कोन बरोबर? – प्रताप नगरचा एक पोट्टा

दुसरी पार्टी बरोबर. पण पहिलीचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही, आधी ते ऐका. १ नोव्हेंबर २०२३ ला, म्हणजे वर्ल्ड कपच्या भारत-श्रीलंका मॅचच्या आदल्या दिवशी हा पुतळा उघडला, बनवला आपल्या अहिल्यानगरच्या (जुनं अहमदनगर) प्रमोद कांबळेंनी, आणि सचिन तेंडुलकर स्टँडच्या शेजारी उभा केला. याच मैदानावर २०११ चा वर्ल्ड कप जिंकला, इथेच २०१३ मध्ये तो दोनशेवी टेस्ट खेळून थांबला. त्यामुळे गाव चुकलं, मैदान चुकलं असं कुणी म्हणणार नाही. (चेहरा स्टीव्ह स्मिथसारखा दिसतो म्हणून सोशल मीडियावर जो धिंगाणा झाला तो वेगळा विषय, त्यात मी पडत नाही.)

आता त्याच कार्यक्रमात सचिनने सांगितलेला किस्सा ऐका. १९८३ ला दहा वर्षांचा असताना तो मोठ्या मुलांच्या घोळक्यात वानखेडेवर वेस्ट इंडीजची मॅच बघायला गेला होता, नॉर्थ स्टँडला, आणि परत येताना लोकलमध्ये त्याला कळलं की पंचवीस जण आणि तिकिटं चोवीसच होती, याला मधे लपवून आत नेलं होतं. आता बोला! ज्या पोराला विनातिकीट आत घुसवलं त्याच पोराचा पुतळा बघायला आधी गेट पार करावं लागतं. माझ्या मते वाद इथेच संपतो, पण तुमचा ग्रुप ऐकणार नाही म्हणून अजून एक उदाहरण देतो.

मेलबर्नला एमसीजी या क्रिकेट मैदानाच्या बाहेर पुतळेच पुतळे आहेत, ब्रॅडमन आहे, कीथ मिलर आहे, धावपटू बेटी कथबर्ट आहे, आणि शेन वॉर्न आहे, बॉल सोडतानाच्या पोझमध्ये. मार्च २०२२ मध्ये वॉर्न अचानक गेला तेव्हा लोक रात्री-बेरात्री तिथे आले आणि काय ठेवलं पायाशी? फुलं तर होतीच, पण बिअरचे कॅन, सिगारेटी, मीट पाय आणि बेक्ड बीन्सचे डबे! कारण वॉर्न भारतातही बीन्सचे डबे मागवून खायचा हे सगळ्यांना माहीत. कुणी पास विचारला नाही, कुणी 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हटलं नाही, माणूस आला, डबा ठेवला, जरा वेळ थांबला, गेला. पुतळा गेटच्या आत असता तर हे झालं असतं का? जास्तीत जास्त कमिटीने एक हार घातला असता आणि पेपरात फोटो आला असता. तेव्हा बाहेरच.

पण बाहेर ठेवला तर आपल्याकडची माणसं काय करतील याची तुम्हाला कल्पना आहे ना? आमच्या गल्लीतल्या नव्या भिंतीला आठ दिवसांत खर्र्याच्या पिचकाऱ्यांनी रंगवलं. पुतळ्याला सोडतील? – एक ताई, धरमपेठ

ताई, खर्र्यापुढे मी हात टेकले. तुमची भीती खरी आहे आणि ती फक्त नागपूरची नाही. स्वीडनमध्ये माल्मोला फुटबॉलवाल्या झ्लाटन इब्राहिमोविचचा पुतळा स्टेडियमजवळ उघड्यावर उभा केला ऑक्टोबर २०१९ ला, तो त्याच गावचा पोरगा. महिना-दीड महिन्यात बातमी आली की झ्लाटनने दुसऱ्याच एका क्लबमध्ये, स्टॉकहोमच्या हामारबीमध्ये, पैसे गुंतवले. मग काय, गावाचं डोकं फिरलं, पुतळ्याला आग लावायचा प्रयत्न झाला, नाक कापलं, आणि जानेवारी २०२० मध्ये घोट्यापासून करवतीने कापून आडवाच केला. हे सगळं युरोपात, जिथे खर्रा मिळत नाही.

मधला मार्ग हवा असेल तर शिकागोवाल्यांचा बघा. बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनचा पुतळा १९९४ पासून युनायटेड सेंटर स्टेडियमच्या बाहेर होता, बर्फात, पावसात, सगळ्यात. २०१७ मध्ये तिथे काचेचं मोठं दालन बांधलं आणि जॉर्डनला आत हलवलं. जुने फॅन कुरकुरले, की बाहेर असताना जी मजा होती ती गेली, आणि मला त्यांचं पटतं सुद्धा, पण निदान तो भाग मॅच नसतानाही लोकांना बघता यावा असा ठेवलाय. म्हणजे छप्पर आहे, वॉचमन आहे, आणि बघायला मॅचचं तिकीट लागत नाही. आपल्याकडे मात्र छप्पर झालं की पाठोपाठ 'आत जाण्यास सक्त मनाई' येतेच, म्हणून मी म्हणेन बाहेरच ठेवा आणि वॉचमनची खुर्ची पुतळ्याशेजारी टाका. नाहीतरी तो गेटवर बसून मोबाईलच बघतो.

मुंबई-मेलबर्नचं पुरे झालं. नागपूरचं काय? आमच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपचं म्हणणं आहे की मान एकाच माणसाचा, कर्नल सी. के. नायडू. जागा मात्र सिव्हिल लाइन्सचं जुनं स्टेडियम की जामठ्याचं नवं यावर रोज भांडण होतं, चहा थंड होतो. आपलं मत कळवावे. – एक निवृत्त शिक्षक, रामदासपेठ

सर, सिव्हिल लाइन्स. यात भांडण्यासारखं काय आहे हेच मला कळत नाही, पण तुमच्या ग्रुपमध्ये जामठावाले असतील तर त्यांना पुढचं वाचून दाखवा.

सीके ३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात जन्मले. १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी टीमविरुद्ध हिंदू टीमकडून १५३ ठोकले, त्यात अकरा सिक्स, त्या काळात, त्या बॅटने! १९३२ ला लॉर्ड्सवर भारत पहिली टेस्ट खेळला तेव्हा कॅप्टन हेच, फिल्डिंग करताना हाताला लागलं तरी बॅटिंगला येऊन ४० केले आणि त्या डावात भारताकडून सगळ्यात जास्त तेच. खेळाडू म्हणून नाव झालं ते पुढे इंदूरला होळकरांच्या आश्रयाला गेल्यावर, आणि देह ठेवला तोही इंदूरलाच, १९६७ मध्ये. म्हणजे इंदूरवाले त्यांच्यावर हक्क सांगतात ते उगीच नाही. पण जन्म आपल्याकडचा, तो कोण नेणार?

आता ३१ ऑक्टोबर ही तारीख लक्षात ठेवा. १९८७ च्या वर्ल्ड कपमध्ये याच तारखेला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर न्यूझीलंडची मॅच होती. चेतन शर्माने रदरफोर्ड, इयान स्मिथ, चॅटफील्ड अशा लागोपाठ तिघांच्या दांड्या उडवल्या, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. त्यानंतर गावसकर अंगात ताप असताना बॅटिंगला आला आणि ८८ बॉलमध्ये नाबाद १०३, वनडेतलं त्याचं एकुलतं एक शतक! २२२ चं टार्गेट ३२.१ ओव्हरमध्ये उडवलं, रनरेट वाढला, ग्रुपमध्ये पहिला नंबर आला आणि म्हणून सेमीफायनल वानखेडेला झाली (तिथे इंग्लंडच्या गूचने स्वीप मारून मारून आपलं काय केलं ते जाऊ द्या). भारताच्या पहिल्या कॅप्टनच्या वाढदिवशी, त्याच्याच जन्मगावी हे सगळं घडलं, आणि यासाठी जागा विचारता? ज्या कंपाउंडच्या आत हे झालं त्याच्या भिंतीला लागून फूटपाथच्या बाजूला, आवारातच पण रस्त्याकडे तोंड करून सीके उभे पाहिजेत, कचेरीत जाणारा, कोर्टात तारखेला आलेला, कॉलेजातला पोरगा, सगळ्यांच्या रोजच्या वाटेवर.

तुम्ही जुन्या नागपुरातली माणसं जामठ्याला नेहमी सावत्र वागणूक देता. गांगुली शेवटची टेस्ट कुठे खेळला? विदर्भाने रणजी कुठे जिंकली? जामठ्याला पण एक पुतळा झालाच पाहिजे. – मनीष नगरचे तीन मित्र

सावत्र नाही रे बाबांनो, लांब आहे एवढंच. मेट्रो खापरीला संपते, पुढे मॅचच्या दिवशी वर्धा रोडवर जे होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मॅच नसताना जामठ्याला मुद्दाम पुतळा बघायला कोण जाणार, सांगा? शेतं आणि ट्रक.

आठवणी मात्र तिथल्या भारी आहेत, कबूल. नोव्हेंबर २००८, ऑस्ट्रेलिया, जामठ्याची पहिलीच टेस्ट, सचिनचं शतक, गांगुलीचे पहिल्या डावात ८५ आणि दुसऱ्यात पहिल्याच बॉलवर आउट, आणि शेवटी धोनीने थोडा वेळ कॅप्टनसी त्याच्या हातात दिली तो क्षण. पण म्हणून गांगुलीचा पुतळा जामठ्याला? तो कोलकात्याचा, त्याला ईडन गार्डन्स आहे, आपण कशाला मधे पडायचं.

राहिले आपले रणजीवाले. पहिली ट्रॉफी २०१७-१८ ची, फैज फझल कॅप्टन, फायनल दिल्लीशी, गुरबानीची हॅटट्रिक, आणि ती जिंकली इंदूरला, होळकर स्टेडियमवर! नागपूरचा माणूस होळकरांकडे गेला आणि नागपूरची ट्रॉफी होळकरांच्या मैदानावरून आली, हिशोब चुकता. पुढची २०१८-१९ ची मात्र जामठ्यालाच, सौराष्ट्राविरुद्ध, आदित्य सरवटेच्या अकरा विकेट आणि पुजारा दोन्ही डावांत मिळून एक रन. तेव्हा कुणी उत्साहात सरवटेचा पुतळा बसवला असता तर? २०२४-२५ ची फायनल पुन्हा जामठ्याला, विदर्भ विरुद्ध केरळ, आणि सरवटे केरळकडून खेळत होता! त्याचा दोष काहीच नाही, प्रोफेशनल माणूस आहे, पण गेटवर आपला पुतळा आणि आत आपण विरुद्ध टीममध्ये म्हणजे बिचाऱ्याची काय अवस्था झाली असती. ट्रॉफी विदर्भानेच घेतली, पहिल्या डावाच्या आघाडीवर.

म्हणून खेळत्या माणसाचे पुतळे नको. उमेश यादवसाठी दोन पत्रं आली आहेत, त्यांनाही हेच उत्तर, आणि उद्या करायचाच झाला तर तो खापरखेड्याकडे, वलनीला करा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा टेस्टपर्यंत पोचला हे तिथल्या पोरांना दिसलं पाहिजे. विदर्भाचा टेस्ट खेळलेला पहिला खेळाडू तो.

एवढी चर्चा कशाला, एखाद्या मोठ्या चौकात उभारून टाका. व्हेरायटी चौकात गांधीजी आहेत, झाशी राणी चौकात राणी आहे, तसा एक क्रिकेट चौक करा. – एक रिक्षाचालक, सीताबर्डी

दादा, ते पुतळे जुने. जानेवारी २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की रस्त्यावर, फूटपाथवर नवीन पुतळ्याला राज्य सरकारांनी परवानगी द्यायची नाही, वाहतुकीला अडथळा होतो. आणि चौकात एक पुतळा वाढला की सगळ्यात आधी शिव्या तुम्हीच घालाल. त्यामुळे स्टेडियमची स्वतःची जागा, तीच सोयीची.

पदाधिकाऱ्यांचे पुतळे स्टेडियमवर असावेत का? मैदान बांधलं तर त्यांनीच ना? – नाव छापू नये

नाव का छापू नये ते समजलं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीला कोटला स्टेडियमवर दिल्ली क्रिकेटचे माजी अध्यक्ष अरुण जेटलींचा पुतळा बसवायचं ठरलं तेव्हा भारताचे माजी कॅप्टन बिशनसिंग बेदी इतके भडकले की म्हणाले स्टँडला दिलेलं माझं नाव काढून टाका, मेंबरशिपही सोडली. पुतळा बसला तो बसलाच. वानखेडेला २०२५ मध्ये म्युझियम झालं त्यात गावसकर आणि शरद पवार दोघांचेही पुतळे आहेत. माझं म्हणाल तर पदाधिकाऱ्याचं नाव इमारतीला द्या, पाटी लावा, म्युझियममध्ये फोटो लावा, काही हरकत नाही, बांधायला कष्ट लागतात. पण गेटवर जो उभा राहील त्याच्याकडे बघून पोराने 'हा कसा मारायचा हो?' असं विचारलं पाहिजे, आणि 'यांनी टेंडर कसं काढलं हो?' हे आजवर कुठल्या पोराने विचारल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुतळ्याचं तोंड कुठे असावं? मैदानाकडे की रस्त्याकडे? आमच्याकडे यावर पाचशेची पैज लागली आहे. – दोघे भाऊ, महाल

रस्त्याकडे. येणाऱ्याला पाठ दाखवणारा पुतळा म्हणजे रुसलेला जावई. आणि एक व्यवहाराची गोष्ट, जी ठरवणाऱ्यांच्या डोक्यात शेवटी येते: डे-नाइट मॅचला लोक दुपारी तीन-चारनंतर येतात, तेव्हा ऊन पश्चिमेचं, त्यामुळे पुतळ्याचं तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तरच चेहऱ्यावर उजेड येतो, नाहीतर सगळ्यांच्या सेल्फीत मागे नुसतं काळं धूड. उंच चौथरा नको, पोराचा हात बॅटला लागला पाहिजे. पण ब्राँझ मे महिन्यात नागपूरच्या उन्हात असं तापतं की हात लावला तर फोडच येईल, म्हणून वर सावली येईल असा शेजारी एक कडुनिंब लावा, आणि तो पुतळ्याच्या आधी लावा, कारण झाडाला वेळ लागतो. पाचशे रुपये ज्याचे जातील त्याने तर्री पोहे मागू नयेत, जिंकणाऱ्याने खाऊ घालावेत.