पैसे लवकर हवेत तेव्हा

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. परीक्षा तोंडावर, प्रात्यक्षिकांच्या वह्या अपुऱ्या आणि त्यात पैशांची निकड. ‘लवकरात लवकर चार पैसे कसे मिळतील’ एवढंच तू विचारलंस. किती हवेत आणि कधीपर्यंत, ते लिहिलं नाहीस. हे पत्र पुढे वाचण्याआधी एका कागदावर रक्कम लिही आणि तिच्याशेजारी तारीख लिही. दहा दिवसांत लागणाऱ्या पैशांचे मार्ग वेगळे असतात आणि तीन महिन्यांनी लागणाऱ्या पैशांचे वेगळे. मुलं दहा दिवसांच्या गरजेसाठी तीन महिन्यांनी फळणारा मार्ग धरतात आणि मधला खड्डा कर्ज काढून भरतात. तुझं तसं होऊ नये, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

इतकी वर्षं विद्यार्थ्यांमध्ये वावरल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. घाईचा पैसा तुला आधीपासून ओळखणाऱ्या माणसांकडूनच येतो. अनोळखी माणसाचा विश्वास बसायला वेळ लागतो आणि नेमका तोच तुझ्याकडे नाही. इंटरनेटवरची कामं वाईट नसतात, पण ती आजच्या गरजेला धावून येत नाहीत. फायव्हरसारख्या, छोटी कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर पहिलं काम मिळेपर्यंत किती दिवस जातील ते सांगता येत नाही. काम मिळालं तरी २० टक्के त्यांचे, आणि नव्या माणसाच्या हाती उरलेले पैसे येतात ते काम पुरं झाल्यावर १४ दिवसांनी. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात, शिवाय गेल्या १२ महिन्यांत लोकांनी तुझे व्हिडिओ मिळून ४,००० तास पाहिलेले असावे लागतात (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्स म्हणजे छोट्या व्हिडिओंना १ कोटी व्ह्यूज). पुढच्या वर्षासाठी हे जरूर सुरू कर. या महिन्याची फी त्यातून भरली जाणार नाही.

कमावण्याआधी खड्डा लहान होतो का ते बघ. फी भरायची असेल तर मुदत संपण्याच्या आत कार्यालयात जा आणि हप्ते पाडून मिळण्यासाठी लेखी अर्ज दे. मुदत उलटल्यावर तोच माणूस तोच अर्ज घेऊन गेला, तर समोरच्याच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. विद्यार्थी कल्याण निधी, गरजूंसाठी राखून ठेवलेली मदत, माजी विद्यार्थ्यांनी दिलेली रक्कम असं काही ना काही बऱ्याच संस्थांत असतं. त्याची पाटी दारावर लागलेली नसते, विचारावं लागतं. ‘मला मदत मिळेल का’ असं मोघम विचारू नकोस. ‘इतके कमी पडताहेत, या तारखेला इतके भरू शकतो, उरलेले त्या तारखेला भरीन’ असं सांग. असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला वाट काढून देणं सोपं जातं.

मग तुझे अडकलेले पैसे आठव. जुन्या वसतिगृहाची अनामत, ग्रंथालयाची अनामत, प्रयोगशाळेची ठेव, रद्द झालेल्या सहलीचा परतावा, मित्रांना उसने दिलेले. हे तुझेच पैसे आहेत आणि ते मिळवायला फार तर एक दुपार जाईल. मित्रांकडे मागताना संकोच वाटतो, हे मला कळतं. ‘मला अमुक तारखेला फी भरायची आहे, तोवर देऊ शकशील का’ असं सरळ लिही. कारण आणि तारीख दिली की मागणं रुक्ष वाटत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे विक्री. मागच्या वर्षाची पुस्तकं, कॅल्क्युलेटर, ड्रॉइंगचं साहित्य, एप्रन, न वापरलेली सायकल. पुस्तकं सुटी विकू नकोस, सत्राचा संच करून धाकट्या वर्गातल्या कुणाला तरी दे. त्याला एकदम सगळं मिळतं, तुला दहा जणांना भेटावं लागत नाही. आवृत्तीचं पान, कव्हर आणि खुणा केलेलं एखादं पान यांचे फोटो पाठव, म्हणजे नंतर घासाघीस होत नाही. सत्र सुरू होतानाचे पहिले दोन आठवडे भाव चांगला मिळतो. जुना फोन विकायचा असेल तर आधी आपलं खातं त्यातून काढ, मग सगळं पुसून फोन मूळ स्थितीत आण. आणि जे महिन्याभरात परत विकत घ्यावं लागेल ते विकायला काढू नकोस.

आता खरं काम. त्याआधी तास मोज. आठवड्याचे १६८ तास. झोपेचे ५६ गेले, लेक्चर आणि प्रात्यक्षिकांचे ३० गेले, अभ्यासाचे २० धर, प्रवास, जेवण, अंघोळ, कपडे यांचे २८. उरले ३४. कागदावर ते भरघोस दिसतात, पण त्यातले बरेचसे विसाव्या मिनिटाला तुटणारे तुकडे असतात आणि थोडे विश्रांतीला लागतातच. विकता येतील असे सलग तास आठवड्याला आठ-दहाच निघतील. तेवढेच तास आहेत हे मान्य केलंस की काम निवडणं सोपं होतं. ज्या कामाची तयारी आधीच झालेली आहे तेच काम घ्यायचं.

म्हणून शिकवणीला मी सगळ्यांत वर ठेवते. गेल्या वर्षी तुला चांगले गुण मिळालेला विषय या वर्षी कुणाला तरी अडतो आहेच. तुझ्या वह्या तयार आहेत, परीक्षेत काय विचारतात ते ताजं आहे, आणि शिकवताना तुझाही पाया पक्का होतो. फक्त दर ठरवताना फसू नकोस. तासाभराची शिकवणी, जाण्यायेण्याचा एक तास आणि अर्ध्या तासाची तयारी मिळून अडीच तास झाले. म्हणजे सांगितलेल्या दराच्या ४० टक्केच तुझ्या तासाला पडले. त्यावर तीन उपाय आहेत. प्रवास टाळ, मुलांना कॉलेजातच मोकळ्या वर्गात बोलाव किंवा व्हिडिओ कॉलवर शिकव. एकाऐवजी एकाच विषयाची तीन मुलं एकत्र बसव, प्रत्येकाकडून कमी घे, तरी तुला जास्त मिळतात. आणि ज्या विषयाची नव्याने तयारी करावी लागेल तो या महिन्यात घेऊ नकोस, कितीही आग्रह झाला तरी.

शिकवणीचा निरोप चार ओळींचा पुरे. कोणता विषय, त्यातले कोणते घटक, कोणत्या दिवशी किती वाजता, चार तासांचे मिळून किती. पहिला तास झाल्यावर उरलेल्या तीन तासांचे पैसे आगाऊ घे. यात लाजण्यासारखं काही नाही. महिनाअखेरीला मिळणारी शिकवणी तुझ्या या गरजेला उपयोगाची नाही. निरोप सगळ्या जगाला पाठवू नकोस. तुला शिकवणारे दोन प्राध्यापक, धाकट्या वर्गाचे प्रतिनिधी, ज्यांच्या घरात शाळकरी मुलं आहेत असे ओळखीचे, एवढ्यांना एकेकट्याला लिही. पन्नास जणांच्या गटात टाकलेला निरोप सगळे वाचतात आणि कुणीच उत्तर देत नाही.

शिकवणी जमण्यासारखी नसेल तर एका दिवसाची कामं शोध. समारंभात नोंदणीच्या टेबलावर बसणं, दुकानातली वार्षिक मालमोजणी, परीक्षेच्या काळात पर्यवेक्षकांना मदत, सुट्टीवर गेलेल्यांचं घर, झाडं आणि मांजर सांभाळणं, लहान मुलांजवळ संध्याकाळी बसणं. अशी कामं जाहिरातीतून क्वचित मिळतात. ती ‘अगं, तुझ्या ओळखीचा एखादा मुलगा आहे का’ अशा विचारण्यातून मिळतात. म्हणून तू काम शोधतो आहेस हे लोकांना कळू दे. दोन भाषा चांगल्या येत असतील तर भाषांतर घे. मुलाखती ऐकून टंकलिखित करून द्यायचं काम आलं तर दर ठरवण्याआधी लक्षात ठेव, तासाभराचं स्पष्ट रेकॉर्डिंग उतरवायला नव्या माणसाला साधारण चार तास लागतात. पाच जण एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त.

विद्यापीठातल्या मानसशास्त्र किंवा वर्तनशास्त्राच्या विभागांना प्रयोगासाठी माणसं लागतात आणि काही ठिकाणी त्याचं मानधन देतात. प्रश्नावली भरणं, पडद्यावरच्या चाचण्या असं असेल तर खुशाल जा. औषधांच्या चाचण्यांचं मात्र घाईत ठरवायचं नसतं. नैतिकता समितीची मंजुरी, लेखी संमतिपत्र आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क, या गोष्टी माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाचे नियम सांगणाऱ्या, १९६४ पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या परंपरेत मूलभूत मानल्या जातात. त्या तिथे नसतील तर पाऊल मागे घे. असतील तरी घरच्यांशी बोलल्याशिवाय सही करू नकोस.

आता ज्याची मला काळजी वाटते ते. तुझ्यासारख्या निकडीत असलेल्या मुलाला कुणीतरी शोधत येतं. व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला तारे द्या, पैसे घ्या. पहिल्या दिवशी थोडे पैसे खरोखर येतात. ते आले म्हणूनच मूल विश्वास टाकतं. मग ‘मोठं काम’ उघडण्यासाठी थोडी रक्कम भरायला सांगतात, मग ती अडकते, मग ती सोडवायला आणखी भरायला लागते. ज्या कामासाठी तुला आधी पैसे भरावे लागतात, नोंदणी म्हणून, प्रशिक्षण म्हणून, ठेव म्हणून, ते काम नव्हेच. पैसे ‘घेण्यासाठी’ पिन किंवा ओटीपी मागितला की तिथेच थांब, कारण पिन लागतो तो पैसे देताना.

याहून भयंकर प्रकार म्हणजे खातं भाड्याने देणं. ‘तुझ्या खात्यात रक्कम येईल, तू पुढे पाठव, तुझा वाटा ठेव.’ ती रक्कम कुणाच्या तरी फसवणुकीची असते आणि माग काढत येणाऱ्याला पहिलं नाव तुझं दिसतं. खातं गोठतं, चौकशी लागते, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे पटवून देणं तुझ्यावर येतं. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात येत असेल तर तीही अडकते. मित्राने गळ घातली तरी नाही म्हण.

दुसऱ्याचं असाइनमेंट लिहून देणं, दुसऱ्याच्या नावाने परीक्षेला बसणं, यात पैसे झटपट मिळतात हे मला माहीत आहे. पकडलं गेल्यावर लिहून घेणारा आणि लिहून देणारा दोघेही जातात, आणि न पकडलं गेलं तरी तुला धमकावायला एक माणूस कायमचा मिळालेला असतो. शिकवण्याची तुझी कला तू प्रामाणिकपणे विकू शकतोस, मग हे कशाला?

शेअर बाजारात रोजची खरेदी-विक्री करून फी काढतो म्हणणारे तुझ्या वर्गात असतील. ब्राझीलच्या वायदेबाजारात २०१३ ते २०१५ या काळात असा व्यवहार नव्याने सुरू करणाऱ्यांचा अभ्यास झाला. ३०० दिवसांहून जास्त टिकून राहिलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात होते. फीच्या पैशाने तिकडे जायचं नाही.

ॲपवरच्या झटपट कर्जाचं गणित एकदा स्वतः कर. १०० मागितले, फी कापून हातात ८५ आले, आठवड्याने १०० परत द्यायचे. म्हणजे ८५ वर आठवड्याला १५. वर्षाच्या हिशोबाने हा दर ९०० टक्क्यांच्या वर जातो. त्यातच ॲप तुझ्या फोनमधले सगळे संपर्क मागतं, आणि ते कशासाठी हे हप्ता चुकल्यावर कळतं. उसने घ्यायचेच असतील तर मामा, आत्या, मोठी बहीण, मी, यांच्यापैकी कुणाकडून तरी घे, आणि परतफेडीची तारीख स्वतः लिहून दे.

पुढच्या वर्षी परदेशी जायचं म्हणतोस, म्हणून एवढं आत्ताच सांगते. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं आणि स्वतंत्र व्यवसाय चालत नाही. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे, कॅनडात संस्थेबाहेर आठवड्याला २४ तासांची. अमेरिकेत सत्रात २० तास, तेही सहसा संस्थेच्या आवारातच. घरबसल्या लॅपटॉपवर केलेलं कामही काम धरलं जाऊ शकतं. थोड्या पैशांपायी व्हिसा घालवून बसलेली मुलं परत येतात, तेव्हा त्यांच्या आईवडिलांकडे बघवत नाही. इथेही तुझ्या शिष्यवृत्तीच्या अटींत कमाईबद्दल काही लिहिलं आहे का, ते काम घेण्याआधी वाच.

झोप मात्र विकू नकोस. रात्री जागून काम करीन आणि सकाळी पेपर देईन, हे तू करणार हे मला दिसतंय. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४ दिवस रोज ६ तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांची एकाग्रता काही चाचण्यांत सलग दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतकी खाली गेली होती. आपलं इतकं बिघडलं आहे हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतही नव्हतं. एक विषय राहिला तर पुन्हा परीक्षेची फी, पुन्हा सहा महिने. रात्रपाळीत मिळालेले पैसे तिथेच जातील.

तेव्हा आज संध्याकाळी कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा लिही आणि उद्या दुपारच्या सुट्टीत अनामतीची चौकशी करून ये. शिकवणीचा निरोप मला आधी पाठव, मी शब्द नीट करून देते. माझ्या ओळखीत दोन घरं आहेत, तिथे दहावीची मुलं आहेत आणि दोघांनाही गणित जड जातंय. त्यांच्याशी बोलून ठेवते. तुला कोणत्या वारी किती वाजता जमेल, तेवढं कळव.

तुझी,
बाई