मोरीचे पिल्लू कसे ओळखावे?

प्रश्न : आमच्याकडे बाळंतिणीला भरपूर दूध यावे म्हणून मोरीचे, म्हणजे शार्क माशाचे, सांबारे देतात. सुनेसाठी बाजारात गेले, तर हातभरसुद्धा लांब नसलेल्या मोऱ्यांचे वाटे मांडलेले होते. शार्क पकडण्यास बंदी असताना ही विक्री कशी चालते? अशी मोरी घ्यावी का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सरसकट बंदी नाही. केंद्र सरकारने जुलै 2001 मध्ये शार्क व पाकटांच्या (शार्कच्या जवळच्या, चपट्या अंगाच्या माशांच्या) सर्वच जाती वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणल्या होत्या. मात्र त्याच वर्षी डिसेंबरात ही यादी व्हेल शार्क, करवत मासे अशा 10 जातींपुरती उरली. 2022 च्या दुरुस्तीने ती पुन्हा वाढली असली, तरी बाजारात नेहमी दिसणाऱ्या कित्येक जाती तिच्याबाहेर आहेत. शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्यास 2013 पासून आणि परांच्या निर्यातीस 2015 पासून मनाई आहे. हे नियम आवश्यकच आहेत, पण आपल्या किनाऱ्यावर त्यांनी मोरी वाचत नाही, कारण इथे धड कोणी फेकतच नाही. इतर मासळीबरोबर जाळ्यात आलेली मोरी ताजी किंवा सुकवून खपते, आणि तिच्यात पिल्लेही जातात.

खरी चिंता या पिल्लांची आहे. बांगडा एका हंगामात हजारो अंडी घालतो, तर मोरीच्या बहुतेक जाती अनेक महिने गर्भ पोसून मोजकीच पिल्ले देतात, आणि हातोडीच्या आकाराच्या डोक्याच्या शार्कसारख्या मोठ्या जातींना वयात येण्यासच कित्येक वर्षे लागतात. जगातील शार्क व पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती आज धोक्यात आहेत, आणि त्याचे मुख्य कारण अतिमासेमारी हेच आहे.

मात्र लहान दिसणारी प्रत्येक मोरी पिल्लूच असते असे नाही. मुंबईच्या बाजारात फार येणारी चपट्या नाकाची मुशी ही मोरीची जात पूर्ण वाढली तरी पाऊण मीटरच्या आतच राहते. म्हणून लांबीवर न जाता मासा उलटा करून पाहावा. छातीच्या दोन परांच्या मधोमध नाळेची न भरलेली चीर दिसली, तर ते नुकतेच जन्मलेले पिल्लू आहे. नराच्या मागच्या परांजवळची दोन बोटांसारखी अंगे आखूड व मऊ असली, तर तोही वयात आलेला नाही. अशी मोरी घेऊ नये आणि का घेत नाही हे विक्रेतीला सांगावे. गिऱ्हाईकच नसेल, तर पिल्लांचा वाटा लावण्यात तिलाही फायदा उरणार नाही.

सुनेसाठी तर मोठी मोरीसुद्धा घेऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू. शार्क इतर मासे खाऊन जगतो, त्यामुळे त्याच्या मांसात पारा साठत जातो, आणि म्हणूनच अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना शार्क टाळण्यास सांगते. मोरीने दूध वाढते, यालाही ठोस वैद्यकीय आधार नाही. त्याऐवजी तारली किंवा बांगडा द्यावा.