ॲप काढून टाकलं तरी दरमहा कार्डावरून पैसे कापले जातात, काय करू?

ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन थांबत नाही. बँकेतला ई-मँडेट, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप पैसे कापायला तुम्ही दिलेली परवानगी, चालूच राहतो. आधी प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’ उघडा आणि तिथून रद्द करा. तिथे दिसत नसेल तर त्या कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करा. रद्द केल्याचा स्क्रीनशॉट ठेवाच, वाद झाला तर तोच कामी येतो.

मग बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे ई-मँडेट बघून नको तो काढा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज यायला हवा. तो वाचत जा, नकार द्यायची सोय त्यातच असते. परदेशी वेबसाइट मात्र ओटीपीशिवायही पैसे कापू शकते, म्हणून कार्डाचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार बंदच ठेवा.

व्यवहार तुमचा नसेलच तर कार्ड लगेच ब्लॉक करून तक्रार क्रमांक घ्या.