ओट्याखालचे पाइप आणि ट्रॉल्या: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा ओटा 24 इंच खोल आहे. सिंकचा वेस्ट पाइप मागच्या भिंतीला धरून डावीकडे पाच फूट आडवा जातो, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर. म्हणून सुतार सगळ्याच ट्रॉल्या 16 इंची करायच्या म्हणतो. एवढी जागा सोडावीच लागेल का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर: नाही. पाइप आडवा येतो तो फक्त खालच्या ट्रॉलीला. वरच्या दोघींना शिक्षा कशाला? सुताराला एकाच मापाचं चॅनल, म्हणजे ट्रॉली सरकते ती पट्टी, मागवणं सोपं जातं, बाकी काही नाही.

हिशेब मिलिमीटरमध्ये करा. ओटा 600. त्यातून पुढे आलेलं ग्रॅनाइट 20 आणि शटर 18 गेलं की भिंतीपासून बॉक्सच्या तोंडापर्यंत 562 उरतात. आता पाइप भिंतीतून किती पुढे आलाय ते मोजा, पण सरळ भागावर नको. सॉकेट (सरळ जोड) किंवा एल्बो (वळणाचा जोड) जिथे सर्वांत फुगलेला असेल तिथे टेप लावा. समजा 90 आलं. त्यात 20 मोकळे आणि 6 मागच्या प्लायचे धरले की आत राहतात 446. 450 चं, म्हणजे 18 इंची चॅनल फक्त 4 मिलिमीटरनं हुकतं आणि ट्रॉली 16 वर येते. म्हणून सुताराआधी प्लंबरला बोलवा. क्लॅम्प बदलून पाइप 15 मिलिमीटर भिंतीकडे सरकला, तर 461 मिळतात आणि 18 इंची बसते. वरच्या दोन्ही ट्रॉल्या 20 इंची करा. मागची प्लाय फक्त खाली पुढे घ्या, वर भिंतीजवळच राहू द्या.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे उतार. 40 ला 1 उतार धरला तर पाच फुटांत पाइप जवळजवळ दीड इंच खाली येतो. पाइपाच्या खालच्या टोकाला मोजून काम केलं, की सिंकशेजारची ट्रॉली नेमकी पाइपावर आपटते. दोन्ही टोकांची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मांडून घ्या.

सिंकखालच्या बॉक्सला मागची प्लाय लावूच नका. काटकोन टिकायला वर आणि खाली 100 मिलिमीटरची पट्टी पुरते. बॉटल ट्रॅपची, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या जोडाची, वाटी खालच्या बाजूनं फिरवून निघते, तेव्हा तिच्याखाली निदान चार इंच मोकळे हवेत. नाहीतर तुंबलेलं सिंक साफ करायला बॉक्स सोडवावा लागेल. इथला बॉक्स 710 मार्काच्या बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायचाच घ्या. पाइपासाठी पाडलेलं भोक पाइपापेक्षा 10 मिलिमीटर मोठं ठेवा आणि कापलेल्या कडेला ऑइल पेंटचे दोन हात द्या. प्लाय फुगायला सुरुवात होते ती याच कडेपासून, लॅमिनेटवरून नव्हे. अँगल कॉक, म्हणजे नळाचं पाणी बंद करायचे भिंतीतले छोटे कॉक, जुने असतील तर आत्ताच बदला.

प्रश्न: जुन्या कडप्प्याच्या ओट्याखाली डिशवॉशर बसेल का? ओट्याची उंची 32 इंच आहे.
– वाचक, सातारा

उत्तर: आहे तसा बहुधा नाही. 60 सेंटिमीटर रुंदीचं मशीन वरचं झाकण काढूनही साधारण 82 सेंटिमीटर उंच असतं. तुमचा ओटा फरशीपासून 81 आणि वरचा दगड दोन इंचांचा असेल तर खाली 76 च उरतात. त्यात ओट्याखाली तीन-चार इंचांचा चौथरा असेल तर आणखी कमी. चौथरा फोडूनही 76 च्या वर जाता येत नाही, त्यामुळे ओटा उचलणं किंवा मशीन बाहेर ठेवणं एवढंच उरतं.

ओटा उचलणार असाल तर मागे दोन इंच नळ्यांसाठी सोडा. 16 अँपिअरचं सॉकेट मशीनच्या मागे नको, शेजारच्या कप्प्यात हवं. मधल्या कडप्प्यात प्लग जाईल एवढं, म्हणजे अडीच-तीन इंचांचं भोक कोअर कटरनं पाडा. छिन्नीनं पाडायला गेलात तर कडप्पा आडवा चिरतो. ड्रेनची नळी आधी ओट्याच्या दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत वर नेऊन मग सिंकच्या ट्रॅपला जोडा, नाहीतर सिंकचं खरकटं पाणी मशीनमध्ये शिरेल.

प्रश्न: सिलिंडर ट्रॉलीच्या शटरमागे ठेवला तर चालतो का?
– वाचक, नांदेड

उत्तर: चालतो, पण शटरला अगदी खाली जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला की जमिनीलगत साचतो. वरच्या बाजूला पाडलेल्या शोभेच्या भोकांचा उपयोग नाही. 14.2 किलोचा सिलिंडर साधारण 32 सेंटिमीटर रुंद आणि 63 उंच असतो. आतली रुंदी 40 ठेवा, रेग्युलेटरवर हात फिरायला जागा राहू द्या. त्या कप्प्यात विजेचा पॉइंट नको. नळी ट्रॉलीच्या चॅनलजवळून नेऊ नका, रोजच्या उघडझापीत ती घासते.

पाइपचा गॅस येणार असेल तर उलट: तो हलका असल्यानं जाळी वर हवी. त्याचा व्हॉल्व्ह ट्रॉली न काढता हाताला लागलाच पाहिजे. ती लाइन सरकवायची झाली तर कंपनीच्याच माणसाला बोलवा, सुताराला हात लावू देऊ नका.